नोकरी सोडण्याआधी मावशींची वही बघा

पुण्यात आयटीत काम करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३३. हातात येणारा पगार १ लाख ५ हजार, घरखर्च फ्लॅटच्या हप्त्यासकट ७५ हजार. पत्नी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, सरासरी २० हजार मिळतात. मुलगी तीन वर्षांची. वडील मधुमेही, ऑफिसच्या आरोग्य विम्यावर. दोन वर्षांपूर्वी यांनी कर्वेनगरातल्या आपल्या मावशींच्या खानावळीसाठी एक अँड्रॉइड अ‍ॅप बनवलं. कोण जेवलं, कोणाचे किती खाडे, कोणाकडे किती बाकी, एवढाच हिशोब. प्ले स्टोअरवर टाकलं आणि ते तोंडोतोंडी पसरलं. आज डाउनलोड अकराशेवर गेले आहेत आणि १४० च्या आसपास खानावळी ते रोज उघडतात. अ‍ॅप फुकट आहे, जाहिरातींचे महिन्याला अडीच हजार येतात. बँकेत ८ लाख शिल्लक आहेत. ते लिहितात, ‘रात्री अकरानंतर कोड लिहून हे वाढणार नाही. पूर्ण वेळ दिला तर वर्षभरात घर चालवण्याइतकं होईल याची मला खात्री आहे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. पत्नीची मात्र साथ नाही. ती म्हणते, आधी कोणाकडून तरी पैसे घेऊन दाखव. राजीनामा देऊ का?’

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. ‘मावशी आता सगळं अ‍ॅपवर करते, वही फक्त सवयीने ठेवते.’ तुम्ही ते लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकले.

दुपारचा सव्वा वाजलाय, दारात पोरांची रांग आहे, आतून पोळ्या संपल्याची हाक येतेय आणि मावशींच्या हाताला कणीक आहे. अशा वेळी कोणी निव्वळ सवयीखातर एकच काम दोनदा करत नाही. त्या वहीत असं काहीतरी आहे जे अ‍ॅपमध्ये नाही. कदाचित सही असेल. महिनाअखेरीला एखादा म्हणतो, ‘मावशी, त्या आठवड्यात मी गावाला होतो, सहा खाडे धरा.’ मावशी पान उलटतात, त्याचीच सही दाखवतात, विषय संपतो. फोनवरच्या हिरव्या खुणेने तो संपत नाही, कारण खूण मावशींनीच केलेली असते. किंवा कारण वेगळंच असेल. वाढायला असलेली मुलगी वहीत लिहू शकते, पण फोन तिच्या हातात द्यायचा नसतो, कारण त्याच फोनवर पैसे येतात. मी अंदाज करतेय. तुम्हाला अंदाज करायची गरज नाही, खानावळ घरचीच आहे. शनिवारी जा, लॅपटॉप न नेता गल्ल्याशेजारी दोन तास बसा आणि वही कधी उघडते ते बघा. मग मावशींच्या नात्यात नसलेल्या चार खानावळींत जाऊन तेच करा. मावशी तुमचं मन मोडणार नाहीत, बाकीचे मोडतील.

हे आधी सांगते आहे कारण तुमचा सगळा विचार एका गृहीतकावर उभा आहे: अ‍ॅप अडलंय ते वेळेपायी. खरंच? पुढच्या कामांची जी यादी तुम्ही दिली आहे त्यात ब्लूटूथ प्रिंटर आहे, आयफोनचं अ‍ॅप आहे, हिंदी आणि कन्नड आहे, नवी रंगसंगती आहे. ‘खानावळवाल्यांना फोन करणे’ कुठेच नाही. दोन वर्षांत एकाही खानावळीकडे तुम्ही पैसे मागितलेले नाहीत. रात्री अकरानंतर खानावळवाल्याला फोन करता येत नाही हे मान्य. पण शनिवार दुपारही होतीच की. दिवसाचे दहा तास मोकळे मिळाले तर जे आवडतं तेच तुम्ही दहा तास कराल आणि जे टाळलंय ते आणखी व्यवस्थित टाळाल, अशी मला भीती वाटते. चांगला कोड लिहिणाऱ्यांचं हे फार होतं. पैसे मागण्यापेक्षा डार्क मोड बनवणं सोपं असतं.

स्वतंत्रपणे अ‍ॅप चालवणाऱ्यांचा दिवस तुम्हाला वाटतो तितका कोडचा नसतो. कोणाचा फोन बदलला आणि जुना हिशोब येत नाही. कोणी एक तारा देऊन ‘बेकार’ लिहिलंय, त्याला सभ्य उत्तर द्यायचंय. एकाचे पैसे दोनदा कापले गेलेत. दर वर्षी गूगल अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी अ‍ॅप जुळवून घ्यायला लावतं, त्याची मुदत गेली काही वर्षं ३१ ऑगस्टच्या आसपास असते, आणि ते केलं नाही तर सुधारित आवृत्ती टाकताच येत नाही. एकदा बनवलं की झोपेतही पैसे येत राहतात असं जे सांगतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा धंदा ते सांगण्याचाच असतो.

आता तुमच्या पत्नीबद्दल. साथ नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला तर उलट वाटलं. ‘सोडू नकोस’ असं त्या म्हणाल्याच नाहीत. ‘आधी पैसे घेऊन दाखव’ म्हणाल्या. तुम्हाला गुंतवणूकदार भेटला असता तर त्यानेही पहिला प्रश्न हाच विचारला असता आणि तुम्ही त्याच्यावर रुसला नसतात. स्वतः त्या तासांवर पगार घेतात, सुट्टीत त्यांना काहीच मिळत नाही. अनियमित उत्पन्नाबद्दल या घरात त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. त्यांना पटवायला बसू नका, हिशोबाला सोबत घ्या.

तो हिशोब मी थोडा करून पाहिला. घरखर्चातून त्यांचे २० हजार वजा केले तर अ‍ॅपने महिन्याला ५५ हजार द्यायला हवेत. अ‍ॅपच्या आत विक्री केली तर गूगलचा नेहमीचा वाटा १५ टक्के, म्हणजे १९९ रुपयांतले तुमच्याकडे साधारण १६९ येतात. सर्व्हर आणि कर बाजूला ठेवले तरी सव्वातीनशे खानावळींनी दर महिन्याला पैसे भरायला हवेत. रोज उघडणाऱ्या आहेत १४०. दर २९९ केला तरी २१७ लागतात. आणि फुकट वापरणाऱ्यांतले सगळे विकत घेत नाहीत, बरेचसे वहीवर परत जातात. म्हणजे ‘पूर्ण वेळ दिला की होईल’ यातला ‘होईल’ हा आजच्या आकड्याच्या कितीतरी पट आहे. अशक्य नाही. राज्यात विद्यार्थ्यांच्या खानावळी काही कमी नाहीत. सदाशिव पेठ, नारायण पेठ तर स्पर्धा परीक्षावाल्यांच्या डब्यांवर चालतात, आणि कोल्हापूर, लातूर, छत्रपती संभाजीनगरलाही पोरं बाहेरून शिकायला येतात. पण तिथे कोणाला तरी जावं लागेल, आणि ते जाणं म्हणजेच हा व्यवसाय.

एक बारीक गोष्ट कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. मे महिन्यात आणि दिवाळीत कॉलेजची मुलं घरी जातात, खानावळी ओस पडतात, खानावळवाला खर्च कापायला बसतो. नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या पत्नीचे तासही बंद असतात. घरातली दोन्ही उत्पन्नं एकाच वेळी आटतील. म्हणून मासिक दराच्या फंदात पडू नका. जून ते ऑगस्ट नवी मुलं येतात, खानावळवाल्याच्या हातात अनामत खेळत असते. तेव्हा वर्षाचे एकदम घ्या, दोन हजार म्हणा. महिन्याला खात्यातून काहीतरी कापलं जातंय हे या मंडळींना आवडत नाही, एकदा दिले की वर्षभर डोक्याला ताप नाही हे पटतं.

आठ लाखांत वर्ष निघेल, असं तुम्ही धरलंय. वडिलांच्या दुखण्यासाठी दोन लाख बाजूला काढा, त्यांना हात लावायचा नाही. उरले सहा. महिन्याला ५५ हजार गेले तर अकरा महिने. यश आलं नाही तर पुन्हा नोकरी शोधायला आजच्या बाजारात चार महिने धरा, आणि ते शोधणं खिसा रिकामा व्हायच्या आत सुरू करावं लागतं. म्हणजे तुमचं वर्ष प्रत्यक्षात सात महिन्यांचं आहे. त्यात मे महिना आणि दिवाळी आली तर किती उरलं ते तुम्हीच मोजा.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे खरं. पण तुम्ही सांगली जिल्ह्यातले. विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचे, हे तुम्ही पाहिलं नाही तर ऐकलं तरी असेल. तुमचा डबा आहे पगार. तो आणखी आठ महिने राहू द्या, असं माझं मत. आठच का, त्याला कारण आहे. या कंपनीत तुम्हाला चार वर्षं चार महिने झालेत. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. मूळ पगार ५० हजार असेल तर पाच वर्षांचे १ लाख ४४ हजारांच्या आसपास होतात. तुमच्या हिशोबात हे अडीच महिने आहेत. ते टेबलावर ठेवून उठू नका.

या आठ महिन्यांत एकही नवी सोय बनवायची नाही. अपवाद एकच: वहीत जे आहे आणि अ‍ॅपमध्ये नाही, ते. बाकी शनिवार-रविवार खानावळींत. रोजच्या १४० पैकी प्रत्येकाला स्वतः फोन करा आणि किंमत सांगा. ‘तुम्हाला किती द्यावंसं वाटेल?’ असं विचारू नका, त्याला सगळे गोड उत्तर देतात. ‘दोन हजार वर्षाचे, आज क्यूआर पाठवू का?’ असं विचारा. चाळीसएक जणांनी खरोखर भरले आणि त्यांतल्या काहींनी दुसऱ्या खानावळीचं नाव सुचवलं, तर मी तुम्हाला राजीनाम्याचा मसुदा करा म्हणेन, घर पूर्ण चालत नसलं तरी. आठ-दहा जणांवर गाडी अडली, तर तुमच्याकडे एक उपयोगी छोटं अ‍ॅप आहे जे फावल्या वेळात चांगलं चालतं. ते अपयश नाही. फक्त त्यावर घर बांधू नका. मधल्या आकड्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हा तुम्ही दोघं बसाल आणि पत्नीचा प्रश्न पुन्हा ऐकाल.

पण पैसे घेण्याआधी एक काम तातडीचं आहे, आणि पत्रातल्या ज्या ओळीने मला घाम फुटला ती ओळ तुम्ही सहज लिहिलीत: ‘थोडंफार काम ऑफिसच्या लॅपटॉपवर केलं.’ आजपासून ते बंद. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. खानावळीचं अ‍ॅप तुमच्या कामाचा भाग नव्हतं, हे तुमच्या बाजूने आहे. पण नेमणूकपत्रातली कलमं बऱ्याचदा कायद्यापेक्षा लांब हात पसरतात: कंपनीच्या साधनांवर केलेलं सगळं कंपनीचं, नोकरीत असताना दुसरा व्यवसाय नाही, वगैरे. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढलं ते प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम केल्याच्या कारणावरून. तुमचा प्रकार तसा नाही, तरी खानावळींकडून पहिला रुपया खात्यात आला की ‘छंद’ म्हणायची सोय राहत नाही. नेमणूकपत्र वकिलाला दाखवा, त्याची एका बैठकीची फी वसूल होते. मग एचआरकडून लेखी परवानगी घ्या. नाही म्हणाले, तर ‘पगार ठेवून पैसे मागा’ हा माझा सल्लाच बदलतो: तेव्हा फुकट चाचणी म्हणून लेखी होकार गोळा करा, पैसे राजीनाम्यानंतर. तोंडी ‘हो रे, कर’ चालणार नाही. आज हो म्हणणारा मॅनेजर उद्या दुसऱ्या कंपनीत असतो.

वडिलांचा विमा. नोकरी गेली की ऑफिसचं छत्र गेलं. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण तिची चौकशी नोकरीत असतानाच करा. नवी पॉलिसी घेतलीत तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि मधुमेह तुमच्यासाठी थांबत नाही. त्याच सुमारास बँकेचं कुठलं कर्ज घ्यायचं मनात असेल तर तेही नोकरीत असतानाच. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात.

करांबद्दल फार लिहीत नाही. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी साधारणपणे २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते. आयकरात काही व्यावसायिकांना निम्मी मिळकत नफा धरायची सोय १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४४एडीए या कलमाच्या नावाने ओळखली जाते, तिच्यात माहिती तंत्रज्ञान येतं. पण दुसऱ्याला अ‍ॅप बनवून देणं आणि स्वतःचं अ‍ॅप विकणं यांत फरक केला जाऊ शकतो. सीएला विचारा, शेजाऱ्याला नको.

प्ले स्टोअरवर पूर्ण विसंबू नका. १ मार्च २०२४ ला शुल्काच्या वादातून गूगलने नौकरी डॉट कॉम, शादी डॉट कॉम यांसारखी बडी भारतीय अ‍ॅप्स स्टोअरवरून खाली उतरवली. सरकारने मध्यस्थी केली आणि काही दिवसांत ती परत आली. तुमच्या अ‍ॅपसाठी मंत्री फोन उचलणार नाहीत. म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर आणि हिशोबाच्या प्रती तुमच्याकडे वेगळ्या असल्या पाहिजेत. मात्र जेवणाऱ्या पोरांचे नंबर ही त्यांची खासगी माहिती आहे, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात ती येते. लागेल तेवढीच ठेवा, जाहिरातवाल्यांना देऊ नका.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी थोडं. तुमचं अ‍ॅप खेळ, सुविचार किंवा वॉलपेपरचं असेल आणि मिळकत जाहिरातींची, तर वरचा हिशोब तुम्हाला लागू नाही. भारतातल्या प्रेक्षकांवर जाहिरातीचा दर इतका कमी असतो की घर चालवायला रोजचे वापरकर्ते फार मोठ्या संख्येने लागतात. डाउनलोडचा आकडा घरच्यांना दाखवू नका, रोज उघडणाऱ्यांचा दाखवा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा: गूगलचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं, पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. चुलतभावंडं आधीच जमवून ठेवा. वैयक्तिक खात्यावरून कमाई सुरू केली की तुमचा पत्ता स्टोअरवर दिसतो, मुलींनी विशेषतः याचा आधी विचार करावा. आणि अमेरिकेत एच-१बीवर असलेल्यांनी तर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय अ‍ॅपला किंमतच लावू नये. तो व्हिसा एका मालकाच्या कामापुरता असतो.

राजीनामा दिल्यावर पहिले काही महिने बाहेरची कामं घेऊन खर्च भागवीन, असंही तुम्ही म्हणता. घ्या, पण आठवड्याचे दोनच दिवस, आणि आगाऊ रक्कम घेऊन. नाहीतर वर्षअखेरीला दिसेल की नोकरीऐवजी चार मालक झाले आणि खानावळीचं अ‍ॅप अजूनही रात्री अकरानंतरच उघडतंय. घरी बसून काम करायचं असेल तर त्यालाही मर्यादा घाला. ‘घरीच तर आहेस, गॅसवाला येणार आहे’ हे वाक्य आठवड्यात पाच वेळा ऐकलंत की तुम्हाला ऑफिसची किंमत कळेल. पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत महिन्याने जागा घ्या. स्वस्त असते, शांत असते, आणि शेजारच्या टेबलावर बसलेला कुठे जेवतो आणि त्याचे खाडे कसे धरतात, हे चहाच्या सुट्टीत विचारता येतं.

शेवटी तुम्ही आयफोनबद्दल विचारलंय. आत्ता नको. अ‍ॅपलला दर वर्षी ९९ डॉलर द्यायचे, दोन ठिकाणी सुधारणा करत बसायचं, आणि गल्ल्यावर तर अँड्रॉइडच असतो. जेवणाऱ्यांपैकी काहींकडे आयफोन आहेत म्हणून तुम्हाला ते हवंय असं दिसतं. त्यांना महिन्याचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ द्या, अ‍ॅपची गरज पडणार नाही.